बंद मतपेटी आणि रस्त्यावरची हाणामारी

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजधानीच्या रस्त्यावर दोन पक्षांचे अनुयायी एकमेकांच्या अंगावर धावून जातात तेव्हा त्याची चित्रे त्याच रात्री खानदेशातल्या गावोगावी मोबाइलवर पोहोचतात आणि बहुधा करमणूक म्हणून पाहिली जातात. कोण कोणाला भिडला, कोणाच्या घोषणा मोठ्या होत्या, याची चर्चा पारावर आणि चहाच्या टपरीवर दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी विषय संपतो. ज्यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले त्यांच्या घरी मात्र तो त्याच दिवशी सुरू होतो. जामीनदार शोधावा लागतो, वकिलाची फी उभी करावी लागते, पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागते. आजच्या विवेचनाचा रोख या घरांकडे आहे.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. बंडाचा पहिला मुक्काम सुरतेला पडला. सुरत हे खानदेशी माणसाला पोटासाठी जाण्याचे गाव. उधना-लिंबायतच्या वस्त्यांत जळगाव-धुळ्याची हजारो कुटुंबे पिढीदोनपिढ्या कारखान्यांत राबत आहेत. आमदारांचे तेथे जाण्याचे कारण अर्थातच वेगळे होते. २०१९ मध्ये जळगाव जिल्ह्यातून शिवसेनेचे जे चार आमदार निवडून आले होते, ते चौघेही या बंडात सामील झाले. म्हणजे मुंबईतल्या भांडणात खानदेश केवळ प्रेक्षक नव्हता. त्या भांडणाचे भांडवल काही प्रमाणात येथूनच गेलेले होते.

पुढची घटनामाला आपल्या स्मरणात असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी प्रभादेवीत दोन्ही गटांचे कार्यकर्ते समोरासमोर आले आणि शब्दाने शब्द वाढत जाऊन दुसऱ्या रात्री हाणामारी झाली. तत्कालीन आमदाराच्या परवान्याच्या पिस्तुलातून गोळी सुटल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी दसऱ्याला एकाच पक्षाच्या नावाने मुंबईत दोन मेळावे भरले, एक शिवाजी पार्कवर आणि दुसरा वांद्रे-कुर्ला संकुलात. दोन्हीकडची गर्दी मोजण्यासाठी राज्यभरातून एस.टी.च्या शेकडो गाड्या आरक्षित झाल्या. खानदेशातूनही गाड्या भरून गेल्या. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी, बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी, शिवाजी पार्कवरच्या स्मृतिस्थळापाशी पुन्हा धक्काबुक्की झाली. कालपर्यंत एकाच शाखेत, एकाच सतरंजीवर बसणारी ही माणसे होती. त्यांच्यात धोरणाचा कोणता मतभेद होता, असे त्यांतल्या कोणालाही विचारले असते तर उत्तर देता आले असते काय?

या प्रश्नापाशी थांबले पाहिजे. रस्त्यावरची मारामारी म्हणजे राजकारणाचा अतिरेक, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘राजकारण फार झाले, म्हणून डोकी फुटतात’ असे सभ्य माणसे म्हणतात. वस्तुस्थिती उलटी आहे. राजकारणाचा निकाल लावण्याच्या ज्या रीतसर जागा आहेत, त्या बंद पडल्या की भांडण रस्त्यावर उतरते. त्या जागा कोणत्या, त्या कशा बंद पडल्या आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आज पाहायचे आहे.

जुनी वंशावळ

मुंबईत हा प्रकार २०२२ मध्ये सुरू झालेला नाही. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर शिवसैनिकांनी हल्ला केला. ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. तीत देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई पराभूत झाल्या आणि वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून विधानसभेत गेले. खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली ती गिरणगावातल्या तरुणांना.

जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक यांना शिवसेनेचा पाठिंबा होता, तर दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारीला वरळीत पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीच्या निषेध मोर्चावर परळमध्ये वरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव हा तरुण ठार झाला. पोटनिवडणूक जिंकली ती कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे यांनी. दगड फेकणारे आणि दगड खाणारे एकाच पाळीला गिरणीत जाणाऱ्यांची पोरे होती. चाळीचा जिना एक, नळ एक, भोंगा एक. तरी दोन बाजू पडल्या.

यानंतरचे दोन प्रसंग अलीकडचे आहेत. ऑक्टोबर २००६ मध्ये फलक फाडल्याच्या कारणावरून दादरला शिवसेना आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेना यांच्या कार्यकर्त्यांत दगडफेक झाली. ३ फेब्रुवारी २००८ रोजी शिवाजी पार्कच्या सभेच्या निमित्ताने मनसे आणि समाजवादी पक्ष यांचे कार्यकर्ते भिडले. त्याचे पडसाद आठवडाभर उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर आणि फेरीवाल्यांवर उमटत राहिले. त्याच महिन्यात नाशिकमध्ये झालेल्या दगडफेकीत हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा एक कर्मचारी बळी पडला. तो मराठीच होता. मराठी माणसाच्या नावाने उचललेला दगड मराठी माणसालाच लागला, कारण दगडाला मातृभाषा विचारता येत नाही.

२००६ च्या त्या दगडफेकीचा शेवट कसा झाला? ५ जुलै २०२५ रोजी वरळीत उद्धव ठाकरे आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले. दोन भाऊ एकत्र आले याचे कोणी वाईट मानू नये. राजकारणात वैर कायमचे नसावे, हे योग्यच आहे. तथापि मधल्या एकोणीस वर्षांत ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली, त्यांच्या समेटाचा दिवस कोणत्या दिनदर्शिकेत आहे? नेत्यांच्या समेटाला एक व्यासपीठ पुरते. अनुयायाच्या समेटाला न्यायालयाची तारीख लागते.

पहिला दरवाजा : मतपेटी

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर प्रभागांची संख्या आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांच्या वादात निवडणुका लांबल्या आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २०१८ मध्ये निवडल्या गेल्या होत्या. त्यांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि तेथेही प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे मुंबईच्या नागरिकाला आपला नगरसेवक निवडता आला नाही.

या चार वर्षांत तिजोरी मात्र बंद नव्हती. मुंबई महापालिकेचा २०२२-२३ चा अर्थसंकल्प सुमारे ४५,९४९ कोटी रुपयांचा होता. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा झाला. देशातल्या काही लहान राज्यांच्या अर्थसंकल्पांहून ही रक्कम मोठी आहे. रस्त्यांची कंत्राटे, पाण्याचे प्रकल्प, बांधकामाच्या परवानग्या, हे सगळे सुरूच होते. एवढ्या मोठ्या तिजोरीवर लक्ष ठेवणारे लोकनियुक्त सभागृह नाही आणि आपली ताकद किती हे सिद्ध करण्यासाठी निवडणूकही नाही, अशा स्थितीत पक्षाने आपली ताकद कोठे दाखवायची? ती मैदानात, मिरवणुकीत, शाखेच्या दारात दाखवली गेली. प्रभादेवी आणि शिवाजी पार्क येथील प्रसंग याच चार वर्षांत घडले, हे लक्षात घ्यावे. मते मोजायची सोय नव्हती, म्हणून डोकी मोजली गेली.

मतदान झाले तेव्हाही दरवाजा सर्वत्र उघडला असे म्हणता येत नाही. जळगाव आणि धुळे येथे मतदानापूर्वीच काही उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. खेड्यात ग्रामपंचायत बिनविरोध झाली की पेढे वाटतात, आणि सामंजस्यातून तसे घडले तर त्यात वावगे काही नाही. परंतु लाखोंच्या वस्तीच्या शहरात, पक्षापक्षांत एवढी चुरस असताना, अर्ज एकामागून एक मागे घेतले जातात तेव्हा मतदाराने शंका घ्यावी हे स्वाभाविक आहे. बाजारात दुसरा विक्रेता उरलाच नाही तर मालाचा भाव आणि दर्जा कोण ठरवणार? रस्त्यावरची हाणामारी आणि बिनविरोध निवड वरवर परस्परविरुद्ध दिसतात. एकीत गोंगाट आहे, दुसरीत शांतता. दोन्हींत मतदार सारखाच अनुपस्थित आहे.

दुसरा दरवाजा : पक्षाची सभा

२०२२ मध्ये खरा वाद होता तो ‘पक्ष कोणाचा?’ हा. त्याचा निकाल कसा लागला हे पाहण्यासारखे आहे. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिले. आयोगाने मुख्यतः आमदार-खासदारांचे बहुमत पाहिले. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी जो निर्णय दिला, तो पक्षाची १९९९ ची घटना आधारभूत मानून. कारण २०१८ ची दुरुस्त घटना आयोगाच्या दप्तरी नोंदलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निर्णय बरोबर की चूक, याचा काथ्याकूट पुष्कळ झाला आहे. एक गोष्ट मात्र त्यात कोणी विचारलीच नाही. साध्या सभासदाचे मत काय होते?

ज्याने चाळीस वर्षे पहाटे उठून फलक रंगवले, बंदच्या दिवशी लाठ्या खाल्ल्या, ज्याच्या बळावर पक्ष उभा राहिला, त्याला आपला पक्ष कोणाच्या हाती असावा हे सांगण्याची कोणतीच सोय नव्हती. गावच्या दूध सोसायटीत चारशे सभासद असतील तर वार्षिक सभा घ्यावी लागते, अध्यक्ष निवडावा लागतो, हिशेब वाचून दाखवावा लागतो. लाखो सभासद सांगणाऱ्या पक्षात तेवढेही होत नाही. ही स्थिती एकाच पक्षाची नाही. २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली तेव्हाही हाच प्रश्न आला आणि निकाल पुन्हा आमदारांची डोकी मोजूनच लागला. ज्याला सभेत हात वर करण्याचा अधिकार नाही, तो रस्त्यावर हात उगारतो. आपण पक्षाचे कोणीतरी आहोत हे सिद्ध करण्याचा तोच एक मार्ग त्याच्यापुढे शिल्लक ठेवलेला असतो.

तिसरा दरवाजा : कामाची जागा

गिरणगावात १९६७ ते १९७४ या काळात डोकी फुटली, पण तेव्हा निदान गिरण्या चालू होत्या. हातात पास होता, पगाराचा दिवस होता, युनियनची वर्गणी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काळात ते सारे जग विस्कटले. खानदेशानेही हेच पाहिले. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, जळगावची खानदेश मिल या नुसत्या इमारती नव्हत्या. त्यांच्या भोंग्यावर तीन शहरांची घड्याळे लागत. गिरणीने कापूस उत्पादकाला गिऱ्हाईक दिले, त्याच्या धाकट्या मुलाला नोकरी दिली आणि त्या मुलाला संघटना दिली. संघटनेत भांडण कोणाशी, कशासाठी आणि कोठवर करायचे याचे शिक्षण मिळे. मागणीपत्र, वाटाघाट, करार हे शब्द कामगाराला पाठ असत.

आज त्या मुलाचा नातू तालुक्याच्या गावी आहे. केळीच्या आणि कापसाच्या पट्ट्यातली वाटणी झालेली शेती त्याला पुरत नाही. पदवी आहे, नोकरी नाही. सकाळी मैदानावर तो पोलीस भरतीसाठी धावतो. संध्याकाळी कोणा दादाच्या, कोणा भाऊंच्या कार्यालयात बसतो. वाढदिवसाचे फलक लावणे, मिरवणुकीत पुढे राहणे, समाजमाध्यमांवर विरोधकाला शिव्या देणे, मेळाव्याला गाडी भरून नेणे, ही त्याची कामे. बदल्यात जेवण, डिझेल, एखाद्या कंत्राटात मजुरी, रुग्णालयात एक फोन आणि ‘आपला माणूस’ ही पदवी मिळते. ही एक प्रकारची मजुरीच आहे. फरक एवढाच की तिला किमान वेतन नाही, अपघात विमा नाही आणि काम कोणते करणार नाही हे सांगण्याची मुभा नाही. श्रम विकणारे हजार आणि घेणारे दोघे-तिघे असा हा बाजार आहे. अशा बाजारात भाव कोण ठरवतो हे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागू नये. व्यापाऱ्याने एका सुरात बोली लावली की कापसाचे काय होते, ते त्याने घरी पाहिलेले असते.

या बाजाराला आणखी एक गुण आहे, आणि तो जास्त घातक आहे. तो सोडतीसारखा चालतो. प्रभादेवीच्या प्रकरणात अटक झालेल्यांपैकी ठाकरे गटाचा एक पदाधिकारी नोव्हेंबर २०२४ मध्ये माहीममधून आमदार झाला. लोकांनी निवडून दिले, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण हजार मुलांच्या डोळ्यांसमोर असा एक क्रमांक लागलेला असतो आणि उरलेले नऊशे नव्याण्णव त्या एकाकडे पाहून पुढच्या राड्यात उडी घेतात. तिकिटाची किंमत प्रत्येकाने भरलेली असते.

ती किंमत किती? बेकायदा जमाव, दंगल, सरकारी नोकरावर हल्ला ही कलमे ३० जून २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेत १४३, १४७, ३५३ या क्रमांकांनी ओळखली जात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे क्रमांक १८९, १९१, १३२ असे झाले. क्रमांक बदलले, परिणाम तोच राहिला. पोलीस भरतीत धावण्यात पहिला आलेला मुलगा चारित्र्य पडताळणीच्या कागदावर अडतो. पारपत्राला वेळ लागतो. खाजगी कारखान्यातही आता पोलिसांचा दाखला मागतात. सरकारे वेळोवेळी राजकीय आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय करतात हे खरे. पण जीवितहानी झालेली किंवा मोठ्या नुकसानीची प्रकरणे त्यांतून वगळली जातात, बाकीच्यांना समितीची शिफारस आणि न्यायालयाची संमती लागते, आणि तोवर भरतीचे वय उलटून गेलेले असते.

आक्षेप आणि उत्तर

येथे काही कार्यकर्ते विचारतील : समोरचा दगड घेऊन आला तर आपण काय हात बांधून उभे राहायचे? आणि रस्त्यावर उतरायचेच नाही तर समाजवाद्यांनी आजवर दुसरे काय केले?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खानदेशच्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. त्यासाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले. माणसे गाड्या जुंपून, पायी, शिदोरी घेऊन आली आणि त्या अधिवेशनाने शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मांडला. १९४६ मध्ये अमळनेरला गिरणी कामगारांवर पोलिसांचा गोळीबार झाला, श्रीपत पाटील आणि त्यांचे साथी पडले. ही रस्त्यावरचीच लढाई होती. पण तिचे तोंड सत्तेकडे होते. तिला मागणी होती, आणि पुढारी कामगारांच्या ओळीतच उभे होते. आपल्यासारख्याच दुसऱ्या गरिबाच्या अंगावर धावून जाणे आणि राज्यकर्त्याच्या दारात धरणे धरणे, या दोहोंना एकच ‘आंदोलन’ हा शब्द वापरला जातो हे भाषेचे दुर्दैव आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जरा दूर जावे लागेल. १७ जुलै १९३२ रोजी जर्मनीत हॅम्बुर्गला लागून असलेल्या आल्टोना गावी नाझींची मिरवणूक मुद्दाम मजूरवस्तीतून नेण्यात आली. कम्युनिस्टांशी चकमक झाली, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, अठरा माणसे मेली. आल्टोना तेव्हा प्रशिया राज्यात होते आणि प्रशियात समाजवादी लोकशाहीवाद्यांचे सरकार होते. ‘राज्यात सुव्यवस्था उरली नाही’ हे निमित्त करून चान्सेलर पापेन यांनी तीनच दिवसांनी, २० जुलैला, ते सरकार बरखास्त केले. जानेवारी १९३३ च्या अखेरीस हिटलर सत्तेवर आला. रस्त्यावर कोण जिंकले हा प्रश्न तेव्हा निरर्थक ठरला होता. रस्ता पेटला की बळकट हाताची मागणी होते, आणि तो बळकट हात मजुराच्या बाजूने कधी उठत नाही. महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाने संमत केले तेव्हा चर्चेचा रोख होता तो ‘शहरी नक्षलवाद’ आणि डाव्या संघटना यांच्यावर. सत्तेतल्या आणि सत्तेजवळच्या पक्षांनी भर रस्त्यात घातलेल्या राड्यांमुळे सुरक्षा धोक्यात येते, असे त्या चर्चेत फारसे कोणी म्हटले नाही. निःशस्त्र सभेसाठी परवानगी मागणाऱ्या लहान पक्षाला याचा अर्थ नीट कळायला हवा.

या बाबतीत समाजवाद्यांची स्वतःची वही तपासणेही आवश्यक आहे. तीत अभिमानाचे पान आहे. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे सरकार असताना पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस असलेल्या डॉ. राममनोहर लोहिया यांनी आपल्याच मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. पक्षाने ऐकले नाही. पुढे पक्ष फुटला, त्याच्या कारणांत हाही वाद होता. त्याच वहीत दुसरेही पान आहे. दळवी बिल्डिंगवरच्या हल्ल्याला काही महिनेच लोटले होते. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाने शिवसेनेशी युती केली. शिवसेनेला ४२ जागा मिळाल्या आणि मुंबईच्या राजकारणात तिला प्रतिष्ठा लाभली. कम्युनिस्टांशी वैर होते म्हणून त्यांच्यावर पडलेल्या दगडांकडे काणाडोळा झाला. पुढे त्या दगडांनी कोणाकोणाची घरे ओळखली, हे सर्वांनी पाहिले. प्रतिस्पर्ध्यावर पडलेला दगडही आपल्या अंगणात पडला असे मानण्याची सवय नसेल तर हिंसेचा निषेध ही केवळ सोयीची गोष्ट होते.

आणखी एक कटू अनुभव याच जिल्ह्याचा आहे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत दंगल झाली आणि दुसऱ्याच दिवशी जळगाव पेटले. चाळीसहून अधिक माणसे मारली गेली, त्यांतली जवळजवळ सर्व मुसलमान होती. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ती दंगल जातीय होती, पक्षीय नव्हती, हा भेद ध्यानात ठेवूनही तीतला धडा घेण्यासारखा आहे. मुंबईच्या परिसरातली ठिणगी खानदेशात पोहोचायला त्या काळातही एक दिवस पुरला होता. आज एक क्षण पुरतो. म्हणून राजधानीतल्या राड्याची चित्रे करमणूक म्हणून पाहणे आणि पुढे पाठवणे, हेही निरुपद्रवी मानता येत नाही.

कार्यकर्त्याने काय करावे

उपदेश करणे सोपे असते, म्हणून येथे करता येण्याजोग्या चारच गोष्टी मांडायच्या आहेत.

पहिली : स्थानिक संस्थांच्या निवडणुका मुदतीत व्हाव्यात ही मागणी समाजवादी कार्यकर्त्याने आपली मानावी. प्रशासकाच्या काळात कोणत्या कामावर किती खर्च झाला, कोणाला कंत्राट मिळाले, याची माहिती माहिती-अधिकारात मागवून वॉर्डावॉर्डात वाचून दाखवावी. जळगावात आणि धुळ्यात मोठी सभा घेण्याइतका पैसा पक्षाजवळ नसेल. अर्ज करण्याइतका नक्कीच आहे.

दुसरी : स्वतःच्या पक्षात सभासदनोंदणी खरी ठेवावी, दर वर्षी सभा घ्यावी, पदाधिकारी मतदानाने निवडावेत आणि हिशेब वाचावा. सभासद शंभर असले तरी चालतील. जो पक्ष आपल्या शंभरांना मत देत नाही, त्याने लाखांच्या मताधिकाराबद्दल बोलू नये.

तिसरी : राड्यात अडकलेल्या मुलाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, वकील मिळवून द्यावा. तालुक्याच्या न्यायालयात विधि सेवा समिती असते, तेथे अर्ज कसा करावा हे त्याच्या आईबापांना ठाऊक नसते. ज्या दिवशी त्याचा दादा फोन उचलत नाही, त्या दिवशी त्याच्या दारात जावे. त्याला पक्षात ओढण्यासाठी जाऊ नये. तो आपल्यातला आहे म्हणून जावे.

चौथी आणि सर्वांत कठीण : त्याच्या कामाचा प्रश्न हाती घ्यावा. औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार, केळीची वाहतूक करणारा मजूर, घरोघर पार्सल पोहोचवणारा मुलगा, सुरतेला गेलेला तरुण, यांची नोंदणी आणि संघटना हे दीर्घ पल्ल्याचे काम आहे. त्यात छायाचित्र निघत नाही. परंतु ज्याच्या हातात मागणीपत्र आहे, त्याच्या हातात दगड देणे अवघड जाते.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ऐकणारे राजकैदी होते, आणि तुरुंगातला तो वेळ त्यांनी माणूस घडवण्याला दिला. राजकारणासाठी तुरुंगात जाणे म्हणजे काय, याची एक परंपरा या शहराने पाहिलेली आहे. त्याच धुळ्यात, त्याच जळगावात, आज एखादा मुलगा कोणाच्या तरी पदासाठी तुरुंगाची वाट धरतो. त्याच्या घरात रोज संध्याकाळी हिशेब होतो आणि तो जमत नाही. पुढच्या मेळाव्याची गाडी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहील, तेव्हा त्याला ‘जाऊ नकोस’ एवढेच सांगून भागणार नाही. न जाता त्याने कोठे जायचे, याचे उत्तर तोवर तयार असले पाहिजे.